दशांशाचा रकाना

रकाना तुम्ही कापलात. तक्ता काचेच्या फ्रेममध्ये बसेना म्हणून उजवीकडचा दशांशाचा रकाना उडवलात, नऊचे दहा केलेत, खाली सही ठोकलीत, आणि लायनीला ठसका लागला तेव्हा खापर फोडलंत एका बाईच्या बोटांवर. तुमचं नाव घेता येत नाही, कारण तुमच्या दारावरच्या पाटीवरही ते नाही. नुसतं 'सक्षम अधिकारी' एवढंच आहे. कशात सक्षम, ते हे सगळं वाचून तुम्हीच ठरवा.

त्या बाईला खात्यात सगळे जॉइंटरबाई म्हणत. केसाएवढी बारीक काच दुसऱ्या केसाएवढ्या काचेला जोडायची, हे तिचं काम. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उकिडवं बसायचं, केबलची साल काढायची, काच स्पिरिटने पुसायची, सरळ कापायची आणि मशीनच्या दोन चिमट्यांत ठेवायची. एक ठिणगी पडते आणि दोन काचांची एक काच होते. मग मशीन आकडा दाखवतं, त्या सांध्यात किती उजेड वाया गेला त्याचा. शून्य पूर्णांक शून्य दोन आला तर शाबास. शून्य पूर्णांक शून्य सहा आला तर तोडा आणि पुन्हा जोडा. खात्याचा नियमच होता तसा. बावीस वर्षं ही बाई दुसऱ्या दशांशावर भाकरी कमावत होती. प्रत्येक जॉइंटच्या डबीत आपल्या नंबराची चिठ्ठी टाकायची पद्धत होती. तिचा नंबर सतरा. बाकीचे नंबर घाईघाईत खरडलेले असत. सतरा मात्र शाळेच्या फळ्यावर काढावा तसा.

गुरुवारी सकाळी तिच्या हातात आदेश पडला. नदीच्या अलीकडचं मुलांचं हॉस्पिटल आणि पलीकडची तज्ज्ञ डॉक्टरांची इमारत यांच्यामधल्या नव्या लायनीवर माहिती गळते आहे. लायनीतले सतरा नंबरचे एक्केचाळीस जॉइंट सदोष आहेत. शुक्रवारी दुपारी तीन वाजता ते सर्व तोडण्यात येतील आणि दुसऱ्याकडून करून घेण्यात येतील. सतरा नंबरने आपलं कार्ड त्याआधी जमा करावं.

कार्ड गेलं की खड्ड्याच्या झाकणालाही हात लावता येत नाही. आणि ते एक्केचाळीस जॉइंट तिने चार महिने गुडघे फोडून केले होते. त्यातल्या एकाचाही आकडा शून्य पूर्णांक शून्य तीनच्या वर गेला नव्हता. सगळे आकडे तिच्या वहीत ओळीने लिहिलेले होते. ती वही कोणी मागितली नाही.

संध्याकाळी ती घरी आली ती तोंडाला कुलूप लावून. नवरा कांदा चिरत बसला होता. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कांद्याकडेच बघत राहणं बरं असं ठरवलं. तेवढ्यात नणंद आली. ती त्याच मुलांच्या हॉस्पिटलात स्कॅनचं मशीन चालवायची, आणि घरात शिरताना चपलांच्या आधी तोंड आत टाकायची.

"वहिनी, तुझी तार आज पण गळली हं!"

"तार नाही, काच आहे ती. आणि काच गळत नसते, वन्सं. अक्कल गळते."

नवऱ्याने सुरी खाली ठेवली. बायको बहिणीला 'वन्सं' म्हणाली की वारा कुठून सुटलाय ते त्याला कळायचं. एरवी दोघी एकमेकींना अगंतुगं करत.

"माझ्यावर कशाला फुत्कारतेस? सहा वर्षांची पोरगी होती आज. मणक्याचं स्कॅन चालू, पलीकडे मोठे डॉक्टर पडद्याला डोळे लावून बसलेले. मी चित्राची शंभर पाकिटं पाठवली की त्यांना शहाण्णव मिळतात. चित्राला भोकं. 'पुन्हा करा' म्हणे. पोरगी पुन्हा त्या बोगद्यात जायला तयार होईना. रडून रडून लाल झाली. काल पण शहाण्णव, परवा पण शहाण्णव. मला तर आता तोंडपाठ झालंय."

जॉइंटरबाईच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच राहिला.

"परत बोल."

"काय? पोरगी रडली ते?"

"ते नाही. परवा किती म्हणालीस?"

"शहाण्णव. सोमवारी पण. वर-खाली असलंच तर अर्ध्या-पाव पाकिटाचं."

"सकाळी किती, दुपारी किती?"

"अगं सकाळी, दुपारी, ट्रकांची रांग लागलेली असताना, सगळ्याच वेळी तेवढंच. तुझी तार गळते पण काय शिस्तीत गळते बाई! आमच्या दादाला पण एवढी शिस्त नाही."

"मला का मध्ये घेता?" नवरा म्हणाला. तो त्या घरातलं ढोलकं होता, दोन्हीकडून वाजणारं.

"आणि याच लायनीवर तुमचं जुनं मशीन होतं तेव्हा?"

"जुनं म्हणजे बैलगाडी होती. रमतगमत पाठवायचं. पण एक पाकीट सांडायचं नाही."

जॉइंटरबाईने डाव खाली ठेवला, गॅस बंद केला आणि दप्तरातून वही काढली. खराब जॉइंट कसा वागतो हे तिला बावीस वर्षं ठाऊक होतं. तो लहरी असतो. उन्हात फुगतो, गारठ्यात आखडतो, वरून ट्रक गेला की शहारतो. आज दोन सांडेल, उद्या वीस. आणि तो बैलगाडीलाही सोडत नाही. हळू पाठवा की जोरात, त्याला जेवढं खायचं तेवढं तो खातोच. हे तर सोमवार ते गुरुवार एकच आकडा, तोही फक्त नव्या मशीनच्या वेगाला!

"ही गळती नाही गं," ती म्हणाली, आणि आवाज आपोआप चढला. "ही मापातली चूक आहे! शेराच्या भांड्यात सव्वा शेर ओततंय कोणीतरी!"

"म्हणजे तुझी तार चांगली?"

"काच!"

"बरं बाई, काच. आता जेवायला वाढ, नाहीतर मीच गळून पडेन."

शुक्रवारी ती अकरा वाजताच एक्स्चेंजमध्ये पोचली. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीच्या लोखंडी मांडण्या, त्यांत घुंघुं करणाऱ्या पेट्या आणि हिरवे दिवे. ही सगळी माया ज्यांच्या ताब्यात, त्यांना रॅककाका म्हणत. निवृत्तीला आठ महिने उरलेले.

"काका, हॉस्पिटलच्या पाकिटांचं इथरनेट आपल्या लायनीवर कुठल्या पेटीत चढतं?"

"तिसऱ्या मांडणीत. पण तू इथे काय करतेस? तुझं तर..." काका तिच्या कार्डाकडे बघू लागले.

"तीन वाजता आहे माझं, अजून चार तास आहेत. किती वेगाने येतं ते?"

"दहा गिग. सेकंदाला दहा अब्ज बिट."

"आणि ज्या लायनीवर चढतं ती?"

"ती पण दहाचीच. एसटीएम-चौसष्ट जातीची. तक्त्यात बघ की."

तक्ता भिंतीवर होता. प्रत्येक एक्स्चेंजमध्ये असतो तसा, काचेच्या फ्रेममध्ये, खाली सक्षम अधिकाऱ्याची सही. डावीकडे प्रकाशाच्या लायनींची नावं, उजवीकडे कुठल्या लायनीवर कुठलं इथरनेट चढवायचं ते. एसटीएम-चौसष्ट: दहा. इथरनेट: दहा. दहाला दहा. शेंबड्या पोरालाही पटेल.

जॉइंटरबाई तक्त्यापुढे उभी राहिली. दोन वर्षं ती इथे येत-जात होती आणि दोन वर्षं तिला एक गोष्ट दिसत होती, पण टोचली नव्हती. फ्रेमच्या उजव्या कडेबाहेर जुन्या पिवळ्या कागदाची बोटभर पट्टी डोकावत होती. भिंतीवर आधीचा तक्ता चिकटवलेला होता, आणि नवा फ्रेमसकट त्याच्या डोक्यावरच टांगला होता. पट्टीवर आकड्यांच्या शेपट्या होत्या. पॉइंट नऊ पाच. पॉइंट पाच आठ.

तिने फ्रेम खिळ्यावरून उचलली.

"अगं ए! ती सरकारी—"

"आठ महिने राहिलेत ना काका? मग डोळे मिटा."

मागे जुना तक्ता होता, हातभर रुंद, एक रकाना जास्तीचा. त्या रकान्यावर बोट ठेवून ती वाचत गेली. एसटीएम-चौसष्ट: एकूण वेग नऊ पूर्णांक पंच्याण्णव. त्याखाली, प्रत्यक्ष माल नेण्याची जागा: नऊ पूर्णांक अठ्ठावन्न. त्याच्याही खाली बारीक अक्षरात: पूर्ण दहाचे इथरनेट यात मावत नाही. वेग साडेनऊवर बांधून द्यावा.

"काका," ती म्हणाली, "लायनीचे नऊ पंच्याण्णव आणि मालाचे नऊ अठ्ठावन्न. मधले कुठे गेले?"

रॅककाका खुर्चीत बसले. चष्मा पुसू लागले. "ते लायनीचं स्वतःचं सामान असतं गं. कुठून निघाली, कुठे चालली, वाटेत बिघडली का, हे सगळं ती बरोबरच घेऊन जाते. एस.टी.त कंडक्टर आणि ड्रायव्हरची सीट असते ना, तसं. ती उतारूंना नाही देत."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"कधीकाळी होतं. नवा तक्ता आला, फ्रेम एकाच मापाच्या आल्या, कागद मोठा होता. वरून म्हणाले, रकाना कमी केलाय, आकडे सोपे केलेत. मीच खिळा ठोकला. सोपं झालं की माणूस विसरतो. इतकी वर्षं कोणी पूर्ण दहा ओतलेच नाहीत. बैलगाड्याच होत्या सगळ्या."

जॉइंटरबाईने वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. दहा ओतले, नऊ अठ्ठावन्न मावले, बेचाळीस शतांश बाहेर. शंभरात चार आणि थोडं. त्यातून पाकिटांमधली रिकामी जागा लायनीवर चढतच नाही, ते वजा करून जेमतेम चार. शंभर पाठवले, शहाण्णव पोचले! तिने पेन्सिल टेबलावर अशी आपटली की टोक उडून काकांच्या चहात पडलं.

"काका, मी नाचू का?"

"नाच. पण साहेब सव्वादोनला येणार आहेत."

साहेब सव्वादोनला आले. तपासणी साहेब. हातात आदेशाची प्रत, आणि नदीकाठच्या खड्ड्यापाशी कात्री घेऊन बसलेल्या दोघा माणसांचा नंबर फोनवर तयार. जॉइंटरबाईने त्यांना जुना तक्ता दाखवला. साहेबांनी तो नुसता हुंगल्यासारखा वाचला आणि बाजूला सारला.

"हा रद्द झालेला कागद आहे."

"कागद रद्द झाला, साहेब. आकडा कसा रद्द होईल?"

"बाई, तुमचं शिक्षण किती?"

"दहावी नापास. गणितात पास होते, बाकीच्यांनी घात केला."

रॅककाकांना खोकला आला. साहेबांना नाही आला.

"मला बारा मिनिटं द्या," ती म्हणाली. "टेस्टर इथे आहे. तो पाहिजे त्या वेगाने पाकिटं सोडतो आणि परत किती आली ते मोजतो. हॉस्पिटलच्या टोकाला वळसा घालू. गेलेलं तिथून माघारी येईल, माझ्या एक्केचाळीस जॉइंटांतून जाताना आणि त्यांच्याच शेजारून येताना. मी आधी लिहून देते काय होईल ते. चुकले तर हे कार्ड घ्या, आणि पहिली कात्री मी मारते."

तिने आदेशाच्याच पाठीवर लिहिलं. नऊला: शून्य. साडेनऊला: शून्य. दहाला: शंभरात चार. खाली सही, आणि फळ्यावरच्यासारखा सतरा.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पैज कोणाला आवडत नाही? "बारा मिनिटं," ते म्हणाले.

तिने नणंदेला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"वहिनी, लवकर बोल. एक पेशंट उतरलाय, दुसरा कपडे बदलतोय."

"तुझ्या खोलीतलं जाळीचं कपाट उघड. किल्ली तुझ्याकडेच असते ना? खालच्या पेटीत आपल्या लायनीच्या दोन पिवळ्या शेपट्या दिसतील. तुझ्या मशीनकडे जाणाऱ्या काढ. मी सकाळी तुझ्या जेवणाच्या डब्यात ठेवलेला आखूड पिवळा तुकडा घे, आणि दोन्ही भोकांत त्याचं एकेक टोक घाल."

"डब्यात तो तुकडा होता होय! मला वाटलं शेवयांचा नवा प्रकार."

"घातलास?"

"घातला. हिरवा दिवा लागला."

टेस्टरच्या पडद्यावर तिने नऊ टाकले. सोडले, आले, सोडले, आले. हरवलेले: शून्य. एक मिनिट, शून्य. साडेनऊ टाकले. साहेब पुढे झुकले. दोन मिनिटं गेली. कोट्यवधी पाकिटं नदीखालून जाऊन परत आली आणि एकही कमी भरलं नाही.

"खराब जॉइंट असता साहेब, तर यातून पण भोकं दिसली असती. हा वेग काही बैलगाडीचा नाही. आता दहा."

तिने दहा टाकले आणि बटण दाबलं. हरवलेल्यांचा आकडा उधळलेल्या घोड्यासारखा सुटला. हजार, लाख, दहा लाख. शेजारच्या चौकटीत टक्के स्थिर होत गेले. चार पूर्णांक तीन, चार पूर्णांक एक. मग चार. तिथेच ठाण मांडून बसले.

"परत साडेनऊ!" ओरडले ते रॅककाका.

साडेनऊ केले. नळ बंद करावा तशी गळती थांबली.

पण साहेब म्हणजे माणूस हट्टाचा. "हे तुम्ही आधी करून बघितलं असेल. मी सांगतो तो आकडा घ्या. नऊ पूर्णांक सात. किती जातील?"

जॉइंटरबाईने डोळे मिटले. ओठ हलले. बोटांची पेरं मोजली. "शंभरात एक. एकाहून किंचित जास्त."

साहेबांनी स्वतःच्या बोटाने सात टाकला. एक पूर्णांक शून्य सहा.

फोनमधून नणंद बोलली.

"मेलात का सगळे? माझा पेशंट बाहेर उभा आहे!"

"वन्सं," जॉइंटरबाई म्हणाली, आणि या वेळी त्या शब्दात नुसते लाड होते, "तो तुकडा काढ, सगळं होतं तसं लाव. आणि तुझ्या मशीनच्या सेटिंगमध्ये पाठवायचा वेग बांधायची जागा आहे बघ. तिथे साडेनऊ टाक."

कुरकुर, बटणांचे आवाज, दूर कुठेतरी एका लहान मुलाचं "मला नाही जायचं आत." कालचीच पोरगी होती. तिला तिसऱ्यांदा आणलं होतं. एक्स्चेंजमध्ये तिघं फोनभोवती वाकून उभे राहिले, साहेबसुद्धा. मशीनची घरघर ऐकू आली. कितीतरी वेळ नुसती घरघर.

"वहिनी!"

"काय गं?"

"शंभर! अगं शंभरच्या शंभर! एक भोक नाही! डॉक्टर पलीकडून म्हणतायत, आज काय झालं? काय सांगू?"

"सांग, माप सापडलं!"

रॅककाकांनी पेन्सिलीचं टोक पडलेला चहा एका घोटात संपवला आणि टेबलावर ताल धरला. जॉइंटरबाई हसत होती, रडत होती, आणि दोन्हीची तिला पर्वा नव्हती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जॉइंटांनी तिची लाज राखली होती. तीनला सात मिनिटं कमी असताना साहेबांनी खड्ड्यापाशी फोन केला. "थांबा," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी हात पुढे केला.

"कार्ड."

"साहेब?"

"तोडणं मी थांबवलं, तेवढं माझ्या हातात आहे. आदेश मागे घेणं माझ्या हातात नाही. तक्ता अधिकृत आहे, तक्त्याप्रमाणे लायनीत दोष नाही, म्हणजे कागदावर दोष जॉइंटचाच राहतो. वर पाठवतो. उत्तर येईपर्यंत कार्ड जमा." आवाज खाली आणून ते म्हणाले, "डोळ्यांनी बघितलंय बाई मी. पण माझ्या डोळ्यांना सहीचा अधिकार नाही."

तिने कार्ड दिलं. मग आदेशाची प्रत मागून घेतली. खाली 'संबंधित कर्मचाऱ्याचा अभिप्राय' म्हणून दोन ओळींची जागा सोडलेली होती. आजवर तिथे सगळ्यांनी 'मान्य' लिहिलं होतं. ती टेबलाशी बसली. दोन ओळी पुरल्या नाहीत, म्हणून ती समासात गेली, मग मागच्या पानावर, आपल्या भाकिताच्या खाली. जुन्या तक्त्याची उजवीकडची पट्टी तिने सांभाळून सोडवली आणि टाचणीने कागदाला लावली.

तिने लिहिलं ते असं:

"मान्य नाही. माझा जॉइंट शून्य पूर्णांक शून्य सहा आला तर तुम्ही तो तोडायला लावता. बावीस वर्षं तोडत आले, कधी कुरकुर केली नाही, कारण तुमचा नियम बरोबर होता. माझ्या सहा शतांशांचा तुम्ही हिशोब मागता. मग नऊ पूर्णांक अठ्ठावन्नचे दहा करताना तुमचे बेचाळीस शतांश कुठे गेले? तोच तक्ता अजून सगळ्या एक्स्चेंजमध्ये टांगलेला आहे. उद्या आणखी कोणीतरी पूर्ण दहा ओतेल, आणखी एखाद्या पोराच्या मणक्याला भोकं पडतील, आणि तुम्ही आणखी एका नंबरचं कार्ड मागाल. रकाना कोणी कापला? कोणाच्या सांगण्यावरून? आणि तक्ता फ्रेममध्ये बसत नव्हता, तर फ्रेम मोठी का नाही केलीत? सोबत कापलेला तुकडा जोडला आहे. उत्तर पाहिजे. लेखी पाहिजे. दशांशासकट पाहिजे."